लॅटिन व ग्रीक : आमच्या घरच्या विद्या
(ज्युबिलीनिमित्त अंधेरी येथें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं लॅटिन व ग्रीक या प्राचीन भाषांविषयीं बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे. आपल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत सहज प्रश्न आला असेल कीं, लोकल गाडी गांठण्याच्या धांदलींत दोन हजार वर्षांपूर्वींच्या या भाषांचें आतां काय प्रयोजन? त्यांनीं पोट भरत नाहीं. शिवाय 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें लोकभाषांना उपासनेंत स्थान दिलें, आणि पुढें पवित्र मिस्सा आपण मराठींत ऐकूं लागलों. आमच्या आयाबायांना ती समजूं लागली याचा आम्हांस आनंदच आहे. तें पाऊल मागें घ्यावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, उपासनेची भाषा बदलली तरी आमचा जुना वृत्तांत ज्या भाषांत लिहून ठेवला आहे, त्या भाषा कांहीं बदलत नाहींत.

प्रथम आपल्या परिसराकडेच पाहूं. मरोळनजीक कोंदिवट्यास जेझुइट धर्मगुरूंनीं 1579 सालीं बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाची इगर्ज बांधली. 1840 सालीं सांथीमुळें गांवकरी ती जागा सोडून मरोळास आले. तिचे भग्न अवशेष आज सीप्झच्या कारखान्यांच्या मध्यें उभे आहेत. 'बाप्तिस्मा' हा शब्द ग्रीक. पाण्यांत बुडविणें हा त्याचा मूळ अर्थ. 'इगर्ज' हा शब्द ग्रीक 'एक्लेसिया' यापासून लॅटिन व पोर्तुगीज यांच्या वाटेनें साष्टींत आला. त्याचा पहिला अर्थ इमारत नव्हे, तर जमलेली सभा. म्हणजे कोंदिवट्याच्या भिंती पडल्या तरी मरोळास आलेली माणसें हीच इगर्ज होती, हें तो शब्दच आम्हांस सांगतो. नाताळ, चावी, पाव हे शब्दहि त्याच वाटेनें आले, आणि ते आज सर्व धर्मांच्या मराठी घरांत नांदत आहेत.

शब्दांहून मोठी गोष्ट इतिहासाची. अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस यानें सहाव्या शतकांत ग्रीक भाषेंत एक ग्रंथ लिहिला. 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमलेला बिशप आहे, असें तो त्यांत सांगतो. आणि हें ठिकाण म्हणजे आपलें कल्याण, असें बहुतेक विद्वान मानितात. पुढें 1321 सालीं ठाण्यास तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर व तिफ्लिसचे देमेत्रियस या चार फ्रान्सिस्कनांना हौतात्म्य आलें. डोमिनिकन धर्मगुरु जॉर्दानस यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. नंतर ओदोरिक यांनीं त्यांच्या अस्थि थेट चीनपर्यंत नेल्या. या दोघांचे वृत्तांत लॅटिनमध्यें आहेत. पोर्तुगीजांचें गलबत या किनाऱ्यास लागण्यापूर्वींची ही कथा आहे. आणि आमच्यांतील किती जणांना ती मूळ शब्दांत वाचतां येते?

कोणी म्हणेल, इंग्रजी भाषांतरें आहेत, तेवढ्यांवर भागतें. भागतें खरें, परंतु भाषांतर वाचणारा दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतो. परदेशी लेखकांनीं आमच्या लोकांविषयीं कांहीं खरें लिहिलें, कांहीं आपल्या समजुतीनें लिहिलें. त्यांतील सत्य कोणतें आणि अभिमान कोणता, हें पारखण्यास मूळ पान स्वतः वाचावें लागतें. पंडिता रमाबाईंनीं हें जाणलें होतें. त्यांचा पंथ आमच्याहून वेगळा. परंतु संस्कृतांत निष्णात असूनहि त्या बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि केडगांवीं त्यांनीं संपूर्ण बायबल मराठींत आणिलें. 1922 सालीं त्या निवर्तल्या, तोंवर तें काम त्यांनीं पुरें केलें होतें. ग्रीक भाषा मराठी माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे, असें यापुढें कोणीं म्हणावें?

आणि या विद्येनें मनुष्य मराठीला पारखा होतो, ही भीतीहि व्यर्थ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे लॅटिन शिकलेले इंग्रज. गोव्याहून 1583 सालीं आपल्या भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्यासारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्यास हेंच 1786 सालीं सांगितलें, म्हणजे दोनशें वर्षांनंतर. आमचा देव तो लॅटिनचा 'देउस', आमचा अग्नि तो 'इग्निस', आमची नाव ती 'नाविस'. ज्या कानाला हें नातें ऐकूं आलें, त्याच कानानें ओवीचा ठेका धरिला, आणि 1616 सालीं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघालें. प्राचीन भाषांच्या अभ्यासानें फादर स्टीफन्स मराठीहून दूर गेले नाहींत. उलट मराठी ही त्यांच्याच तोलाची भाषा आहे, हें त्यांस उमगलें.

म्हणून या ज्युबिलीच्या दिवशीं आमची विनंति लहानशीच आहे. सर्वांनीं लॅटिन शिकावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या मुलाला वा मुलीला भाषेची गोडी आहे, तिला 'याचा उपयोग काय?' असें विचारून थांबवूं नका. ग्रीक वर्णमालेचीं अक्षरें चोवीस. एका मे महिन्याच्या सुटींत तीं हातीं येतात. आमच्या धर्मग्रामांतून असा एकजण जरी निघाला, तरी पुढच्या ज्युबिलीला ठाण्याच्या त्या चार हुतात्म्यांची कथा मूळ लॅटिनवरून, आपल्या मराठींत, आपलाच माणूस आपणांस सांगेल. तोंवर ती आपण परक्यांच्याच तोंडून ऐकत राहूं.