विनातिकीट प्रवासी

दिवाळी उरकली की मी भामचंद्राच्या डोंगरावर एक फेरी मारतो. खाली चाकण एमआयडीसीचे पत्रे अन् कंटेनरच्या रांगा, वर तुकोबांच्या चिंतनाची गुहा. उतरून घरी आलो की पँटला गुडघ्यापर्यंत तपकिरी टिकल्या. झटकून जात नाहीत, धुऊन तर मुळीच नाहीत. एकेक नखानं उचकटायची. या टिकल्या ज्या रोपाच्या, त्याचं नाव चिकटा.

त्यातली एक टिकली भिंगाखाली धरली. अंगभर बारीक केस, आणि शेंडे आकड्यासारखे वळलेले! चिकटा आहे तुरी-मुगाच्या भावकीतला, पण त्याची शेंग मुगासारखी तडकून उलत नाही. मण्यांच्या माळेसारखी ती सांध्यासांध्यावर तुटते आणि प्रत्येक मण्यात, म्हणजे टिकलीत, एकच बी. डेस्मोडियम हे शास्त्रीय नावही ग्रीक भाषेतल्या साखळीवरून आलंय. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी सालवण याच गोतावळ्यातली.

चिकट्याचं आयुष्य एका पावसाळ्याचं. पावसात उगवायचं, फुलायचं आणि माळ वाळायच्या आत शेंगा धरायच्या. उन्हाळा काढायचा तो बियांनी. वाळवंटातल्या कितीतरी रोपांची हीच रीत. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे निघतात, तेव्हा मेंढ्यांच्या लोकरीतून या बियांचा फुकटचा प्रवास होतो. आता माळावर कुंपणं आली, तर आमची पँट आहेच. चाकणच्या इतक्या गाड्या बनवणाऱ्या पट्ट्यात या प्रवाशाला अजून पायीच जायला आवडतं!

बुटांना, पिशव्यांना लागणारं वेल्क्रो तुम्हाला माहीत आहे. जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनियर 1941 साली शिकारीहून परतला, तेव्हा कुत्र्याच्या केसांत अशीच फळं अडकली होती. झाड वेगळं, कुळही वेगळं, युक्ती मात्र तीच. त्यानं ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि पुढे वेल्क्रोचं पेटंट घेतलं. आम्ही मात्र शिव्या देत पँट झटकतो.

खरं काम मातीखाली चालतं. चिकट्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. केनियात तर त्याची भावंडं मक्याच्या ओळींमध्ये मुद्दाम पेरतात. त्यांच्या वासानं खोडकिडीचे पतंग दूर राहतात आणि मुळांतून पाझरणाऱ्या रसामुळे टारफुला या परजीवी तणाला मक्याच्या मुळांवर जम बसवता येत नाही. टारफुला ज्वारीचं काय करतो, ते आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको.

आपल्याकडे मात्र कारखान्याचा प्लॉट ताब्यात आला की पहिलं काम जेसीबीचं. वरची माती खरवडून मुरूम टाकायचा, मग नर्सरीतून लॉन आणायची आणि टँकरनं पाणी घालायचं. कारखानदार मित्रांनो, चिकट्यासाठी कुंपणालगतची चार फुटांची पट्टी तेवढी खरवडू नका. आणि डोंगरावरून येणाऱ्यांनो, टिकल्या उचकटाल तेव्हा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, एखाद्या उघड्या माळावर टाका.