अपत्याच्या देहावर आईबापांचा अधिकार किती?
(विरार येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय सभेत सहसा कोणी काढीत नाही. घरातही तो दार लावून, हलक्या आवाजात बोलला जातो. म्हणूनच मी तो येथे काढीत आहे. काही मुले अशा देहासह जन्मास येतात की, हा मुलगा की ही मुलगी, हे डॉक्टरासही पाहताक्षणी सांगता येत नाही. काहींचे वेगळेपण तर वयात येईपर्यंत कळत नाही. अशांना आंतरलिंगी म्हणतात. हे मागील जन्मीचे पाप, असे जुने लोक म्हणत. मागील जन्मीच्या पापाचा हा दाखला आपल्या वाडवडिलांस किती पिढ्या ऐकविला गेला, हे तुम्हांस सांगणे नको. जो आपण स्वतःसाठी नाकारला, तो पाळण्यातल्या बाळास लावता येणार नाही.

गेल्या पावसाळ्यात नालासोपाऱ्याची एक आई असे तान्हे मूल घेऊन पहिल्या लोकलने मुंबईस गेली. शस्त्रक्रियेचे संमतिपत्र पुढ्यात आले, तेव्हा बाळाच्या प्रकृतीचा विचार तिच्या मनात नव्हताच. चाळीत काय सांगावे आणि नाव काय ठेवावे, एवढेच तिला दिसत होते.

येथे दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बाळ ओकू लागते, सुकते, निपचित पडते आणि उपचार न मिळाल्यास दगावते. तेथे एका तासाचाही विलंब नको. औषध जन्मभर चालू ठेवावे. लघवीचा मार्ग अडला असेल तरीही तसेच. परंतु अवयव मुलीसारखा वा मुलासारखा दिसावा, एवढ्यासाठी सुरी चालविणे ही गोष्ट वेगळी. कापलेले परत येत नाही, व्रण राहतात, संवेदना जाऊ शकते.

आणि मूल मोठेपणी निराळे सांगू शकते. बीड जिल्ह्यातील माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे मुलगी म्हणून वाढले. शासनाची परवानगी मिळवून २०१८ साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे विवाहही केला. तो निर्णय प्रौढ माणसाचा, स्वतःचा होता.

मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये आंतरलिंगी अर्भकांवरील व बालकांवरील अशा शस्त्रक्रियांस बंदी घालण्याचा आदेश दिला. जिवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून तामिळनाडू सरकारने त्याच वर्षी तसा हुकूम काढला. तो हुकूम तामिळनाडूपुरता. केरळ उच्च न्यायालयापुढे ऑगस्ट २०२३ मध्ये आईबापच गेले होते; सात वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया करण्याची परवानगी त्यांस हवी होती. मुलाच्या संमतीवाचून ती देणे संविधानाच्या १४, १९ व २१ या कलमांनी दिलेल्या हक्कांवर आक्रमण होईल, असे सांगून न्यायालयाने ती नाकारली. जिवाला धोका आहे काय, हे तज्ज्ञांच्या समितीने पाहावे, असे ठरविले. त्या आईबापांचे प्रेम खोटे होते असे कोण म्हणेल? परंतु प्रेमाने मालकी सिद्ध होत नाही.

डॉक्टरांस मी सरसकट दोष देत नाही. मूल लहान असतानाच त्यास एका लिंगात बसवून टाकावे, हा परिपाठ १९५० नंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून जगभर पसरला. पुष्कळ डॉक्टर तेच शिकले. यास्तव विचारणे आपल्याकडे आले. आज शस्त्रक्रिया न केल्यास बाळाच्या जिवास कोणता धोका आहे? दहा वर्षे थांबल्यास काय बिघडेल? बीजग्रंथी काढावयाची म्हणतात, तर कर्करोगाचा संभव किती आणि केव्हा? उत्तर केवळ 'लोक काय म्हणतील' एवढेच निघाले, तर सही करू नका. मुलगी वा मुलगा म्हणून नाव ठेवण्यास, वाढविण्यास सुरी लागत नाही.

त्या माउलीने मला विचारले, "भाऊ, सही केली नाही तर बाळाला औषध देणार नाहीत का?" मी म्हटले, "ताई, हेच डॉक्टरांना विचारा." तिने विचारले. औषध सुरू झाले, सही राहिली. तपासण्यांचे सारे कागद तिने जन्मदाखल्यासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. लेकरू मोठे झाल्यावर तिला ते त्याच्या हाती द्यावयाचे आहेत.