खेळणे हेही बाईचे काम

(फर्दापूर येथील महिला व किशोरी मेळाव्यात केलेले भाषण)



फर्दापूरला परदेशी पाहुणे नवे नाहीत. अजिंठ्याची लेणी बघायला जगभरातून माणसे येतात. आपल्या मुली मात्र गाव सोडतात त्या बहुतेक वेळा लग्न होऊनच. म्हणून आज मी स्वतःच्या खेळावर परदेशी गेलेल्या एका बाईविषयी बोलणार आहे.

लोटा शेलिन स्वीडनची, जन्म १९८४ चा. त्याच वर्षी स्वीडनच्या बायकांनी युरोपची पहिली महिला फुटबॉल स्पर्धा जिंकली. पेनल्टीवरचा निर्णायक गोल पिया सुंधागे यांनी केला. म्हणजे लोटासाठी वाट आधीच्या बायकांनी पाडली होती. आणि ती सोपी नव्हती. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ पासून तब्बल पन्नास वर्षे बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली होती.

२००८ मध्ये लोटा फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या क्लबकडे गेली. आठ हंगामांत तिने सव्वादोनशेच्या आसपास गोल केले, संघाने तीनदा युरोपचे विजेतेपद मिळवले. देशासाठी तिचे ८८ गोल आहेत. गुण तिच्यात होतेच. पण या क्लबने २००४ मध्ये महिला संघ आपल्यात घेतला, त्यावर पैसा खर्च केला. खेळ हे पगाराचे काम झाले, तेव्हा तो गुण दिसला. कामाची झीजही तिने सोसली. डोके-मानेच्या दुखण्यामुळे २०१८ मध्ये तिला खेळ थांबवावा लागला. म्हणून पगाराबरोबर उपचाराची हमीही मागितली पाहिजे.

आपल्याकडे हे होत नाही असे नाही. मणिपूरच्या बाला देवीशी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने करार केला. मग अडते कुठे? मी गावोगाव पालकांशी बोलते. ‘पोरीला खेळून काय मिळणार?’ हा प्रश्न ठरलेला. मुलाला तो कोणी विचारत नाही. संध्याकाळी तो मैदानावर, ती पाण्याला आणि चुलीपाशी.

प्रत्येक मुलगी परदेशी जाणार नाही, हे मलाही कळते. पण धावायला जागा आणि तासभर मोकळा वेळ हा तिचा हक्क आहे. शाळेचे मैदान आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलींसाठी राखून ठेवा, असा ठराव येत्या ग्रामसभेत आपणच मांडूया. आणि त्या दोन संध्याकाळी घरचे पाणी भावाने भरावे, हा ठराव आपापल्या घरात करूया.