ब्रिजमधील बोली आणि तिचा खुलासा

प्रवरेच्या खोऱ्यांतील राजूरला कोणी रात्रीं जेवणखाण आटोपून संगणकापुढें ब्रिज खेळावयास बसावें, त्याचा भिडू पुण्यास असावा आणि प्रतिपक्षाची जोडी दूर लंडनला असावी, ह्यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. ह्या चौघांनीं एकमेकांस कधीं पाहिलेलेंहि नसतें. मग त्यांच्यांत विश्वास नांदावा कसा?

ब्रिजची बोली ही अवघ्या ३८ शब्दांची भाषा आहे: सात पायऱ्यांच्या मिळून ३५ बोल्या, आणि पास, डबल व रिडबल. प्रत्येक जोडी ह्या शब्दांचे आपापले अर्थ ठरविते. 'दोन चौकट' हीच बोली घ्या. ऐकणारा समजेल कीं, बोलणाऱ्याजवळ चौकटचीं पुष्कळ पानें आहेत. परंतु 'मल्टी' नांवाच्या पद्धतींत तिचा अर्थ निराळाच असतो: बदाम किंवा इस्पिक ह्यांपैकीं एकाचीं सहा पानें, आणि हात दुबळा. हा अर्थ भिडूस ठाऊक व प्रतिपक्षास अज्ञात राहिला, तर ती लबाडीच होय. पानें झांकावीं, भाषा झांकूं नये. जोडींतील समजुती, उघड ठरलेल्या असोत वा अध्याहृत असोत, प्रतिपक्षास उपलब्ध करून देणें हें कर्तव्य आहे, असें २०१७ च्या नियमावलीचें चाळिसावें कलम बजावतें.

मेजावरच्या खेळांत सामान्यतः बोलीचा खुलासा भिडू करतो. तो ऐकून बोली करणाराहि नको तेवढा सावध होतो. मोठ्या स्पर्धांत भिडूंची नजरानजर होऊं नये म्हणून मध्यें पडदा असतो. १९७५ सालीं बर्म्युडा येथील जागतिक स्पर्धेंत तो प्रथम उभारला गेला. संगणकावर हा पडदा आपोआपच पडतो. जो बोली करतो तोच तिचा अर्थ लिहितो, आणि तें लिखाण केवळ प्रतिपक्षास दिसतें.

सोय झाली म्हणून जबाबदारी मात्र उणावत नाहीं. नुसतें 'मल्टी' एवढें लिहून भागत नाहीं. नवख्यानें त्यावरून काय समजावें? शिवाय, वर्षानुवर्षें एकत्र खेळणाऱ्या जोडीचे कांहीं संकेत कधीं उच्चारलेलेच नसतात. आपला भिडू पांच पानांवरहि ही बोली करतो, हें अनुभवानें कळलेलें असतें. तेंहि सांगितलेंच पाहिजे. अशा ठिकाणीं पंचाची दृष्टि क्वचितच पोहोंचते. साक्षी असतें तें ज्याचें त्याचें मन.

राजूरच्या खेळाडूनें एवढा खुलासा केल्यावर लंडनची जोडी तो डाव कदाचित् जिंकेलहि. परंतु दुसऱ्या रात्रीं ती पुन्हा त्याच्याशींच खेळावयास येईल.