मातीचे भांडवल आणि कसणाऱ्याची मुदत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



पाण्याचा प्रश्न निघाला की आपल्या तोंडी धरण, कालवा, पाझर तलाव, नालाबांध हे शब्द येतात. १९७२ च्या दुष्काळाने आपल्याला हीच भाषा शिकविली. आज मी ज्या साठवणीविषयी बोलणार आहे, ती पाटबंधाऱ्यांच्या नकाशावर नसते. ती म्हणजे शेताची माती.

हिशेब साधा आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. जोराच्या पावसात एखाद्या शेताने शेजारच्या शेतापेक्षा २५ मिलिमीटर पाणी अधिक शोषले, तर त्या हेक्टरात अडीच लाख लिटर पाणी राहिले. टँकरच्या भाषेत २५ टँकर. महाराष्ट्रातील सुमारे चार-पंचमांश शेती पावसावर अवलंबून आहे. पावसाने तीन आठवडे उघडीप दिली, तर पीक तरते की करपते, हे पुष्कळदा याच साठवणीवर ठरते.

एक माती पाणी पिते आणि दुसरी का पीत नाही? उघड्या, निःसत्त्व जमिनीवर थेंब आदळले की कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी माती घेऊन निघून जाते. सजीव मातीत हे कण जीवाणूंच्या चिकट स्रावाने, बुरशीच्या तंतूंनी आणि बारीक मुळांनी एकमेकांशी बांधलेले असतात. गांडुळे बिळे पाडतात. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दरवर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा अंदाज चार्ल्स डार्विनने १८८१ साली आपल्या पुस्तकात मांडला होता. आपल्या कोरडवाहू मुलखात यातील बरेचसे काम वाळवी आणि मुंग्या करतात, आणि वाळवीला तर आपण केवळ शत्रूच मानतो! काळ्या जमिनीच्या भेगांतून पहिले पाऊस खोल जातात हे खरे. पण माती फुगून भेगा मिटल्या की पुढचे पाणी या छिद्रांवाटेच आत जायचे.

हेच जीव उत्पादनही वाढवितात. मुळांशी भागीदारी करणारी बुरशी पिकाकडून साखर घेते आणि त्याला स्फुरद आणून देते. तुरीच्या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधतात. मात्र नत्र आयते मिळाले की कडधान्याचे पीक गाठी कमी धरते. या सर्वांना खायला सेंद्रिय द्रव्य लागते आणि तेच शेतातून नाहीसे होत आहे. शेण चुलीत जाते, बैल विकला जातो. धनगरांचे कळप पूर्वी रात्री शेतात बसविले जात आणि त्याबद्दल त्यांना धान्य मिळे. तोही व्यवहार आता आटत चालला आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा घसाऱ्याचा प्रश्न दिसतो. यंत्र झिजले तर कारखानदार घसारा मांडतो. माती झिजली तर ना शेतकऱ्याच्या वहीत नोंद होते, ना राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत. उलट २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, तेव्हा युरिया त्यातून वगळून त्याची किंमत नियंत्रितच ठेवली गेली. त्यामुळे सरकारी पैसा सर्वांत सहजपणे पोहोचतो तो नत्राच्या गोणीपर्यंत. युरिया एका रात्रीत बंद करा, असे मी म्हणत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात बंद केली आणि त्याच वर्षी ती बंदी मागे घ्यावी लागली. मधल्या काळात भातशेतकरी भरडला गेला.

आता आपल्या घरातील गोष्ट. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु त्यानंतर खंड आणि बटाई संपली नाही; ती तोंडी झाली. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करीत नाही आणि दरवर्षी कसणारा बदलतो. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण कोठे असू हेच ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या रानात गाडीभर खत का ओतील? तो युरियाच टाकणार. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या जागी बसून हिशेब करून पाहावा.

२०१६ साली नीती आयोगाच्या समितीने जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचविला, तेव्हा आपल्यातील अनेकांना तो मालकांच्या सोयीचा वाटला. मलाही वाटला. मुदत दोन्ही पक्षांच्या संमतीवर सोडली, तर दुबळ्याच्या वाट्याला एकच वर्ष येणार, ही माझी शंका अजूनही कायम आहे. पण जमिनीत घातलेल्या गुंतवणुकीचे न संपलेले मोल जाताना कसणाऱ्याला परत मिळावे, हे त्यातील कलम आपण का सोडावे? डार्विनच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८८३ साली, इंग्लंडमध्ये अशी भरपाई कायद्याने बंधनकारक झाली होती. त्या कलमाला किमान पाच वर्षांच्या लेखी मुदतीची जोड द्या, अशी मागणी आपली असली पाहिजे.

रोजगार हमीचेही असेच झाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि १९७९ पासून कायद्याचा आधार मिळालेल्या या योजनेने लाखो लोकांना जगविले. पण मजुरी बांधली गेली ती मुख्यतः खोदलेल्या घनमीटरांशी. बांधावर गिरिपुष्प लावणे, पाला कुजविणे, शेत झाकणे या श्रमाला माप नव्हते. ही कामे मजुरीस पात्र ठरवा असे आपण म्हणू, तेव्हा एक अडचण उरेल: मजुराच्या घामाने मातीत मुरलेले पाणी मालकाच्या पिकालाच मिळणार. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पुरंदर तालुक्यात भूमिहीनालाही पाण्यात वाटा दिला, कारण ते पाणी मोजून वेगळे काढता येत होते. मातीतील ओल अशी वेगळी काढता येत नाही. म्हणूनच ओलीचा वाटा मागायचा, तर जमीन कसण्याचा लेखी हक्कच मागावा लागतो.

येत्या खरिपापूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील तोंडी खंडाच्या आणि बटाईच्या जमिनींची नोंद करावी: क्षेत्र किती, तोच कसणारा किती वर्षे आहे आणि त्या शेतात शेवटचे शेणखत कधी पडले. मालकांची नावे लिहू नका. नाहीतर कसणाऱ्याचीच जमीन जाईल.