अर्धपोटी बॅटरी



मोटरहोमसाठी कोणती बॅटरी घ्यावी, हे सांगायला मला बोलावलं आहे. ते सांगेनच. पण त्याआधी एक प्रश्न: तुमची जुनी बॅटरी कशानं मेली? बॅटरी बदलायला निघालेला कुणीही भेटला, की मी आधी हेच विचारतो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "जुनी झाली होती." किती जुनी? "दोन वर्षं." नीट वागवलेली डीप सायकल बॅटरी दोन वर्षांत म्हातारी होत नाही. तिला कुणीतरी मारलेलं असतं. मारणारी गोष्ट गाडीत तशीच राहिली, तर नवी बॅटरीही त्याच वाटेनं जाणार, मग तुम्ही तिच्यासाठी कितीही पैसे मोजा.

लेड-ॲसिड बॅटरी कशी चालते, ते इथे फार समजावत बसत नाही. प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं ती १८५९ साली केली, त्याच्याच देशाच्या फोरनं १८८१ साली प्लेटांना शिशाच्या ऑक्साइडचा लेप लावला. पुढचं तुम्हाला लोडशेडिंगनं शिकवलं आहे. डिस्टिल्ड वॉटरची बाटली, हायड्रोमीटर, "बॅटरी बसली", "एक सेल गेला" ही भाषा इथल्या निम्म्या घरांत बोलली जाते. तेव्हा पुढे जातो.

मोटरहोममध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक गाडीची. तिच्यात पातळ प्लेटा पुष्कळ असतात. इंजिन सुरू होईपर्यंत काही सेकंद शेकडो अँपिअर देणं हे तिचं काम. लगेच अल्टरनेटर तिचं भरून काढतो. दुसरी घरची. फ्रिज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप हे सगळं तिच्यावर. तिच्या प्लेटा जाड असतात, कारण तिला तासन्‌तास थोडं थोडं द्यायचं असतं आणि रोज खोलवर रिकामं व्हायचं असतं. पहिलीला दुसरीचं काम दिलंत, तर ती लवकरच संपते. एवढं सर्वांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते पुढचं.

बॅटरी रिकामी होते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ते नैसर्गिकच आहे. चार्ज केलं की ते पुन्हा विरघळतं. पण बॅटरी पूर्ण भरली नाही, तर थोडं सल्फेट मागे राहतं. चार-आठ दिवस तसंच राहिलं, की त्याचे स्फटिक मोठे आणि टणक होतात. मग ते चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. रोज थोडा, रोज थोडा. बॅटरी कधी उपाशी नसते, पण पोटभर जेवणही तिला कधी मिळत नाही. मोटरहोममधल्या बॅटऱ्या या अर्धपोटी राहण्यानं जितक्या मरतात, तितक्या वापरानं मरत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

(मागून आवाज: "मग बॅटरी नकोच, कंदील घ्या!" हशा.)

कंदिलावर फ्रिज चालत नाही, साहेब. आणि तुम्ही हसलात म्हणून एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. संयोजक घड्याळ बघताहेत, तरी सांगतो.

माझ्या ओळखीचं एक निवृत्त जोडपं आहे. त्यांनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिच्यात घर बांधून घेतलं: मागे पलंग, मध्ये ओटा, सीटखाली दोन ट्युब्युलर बॅटऱ्या. पहिला जोड गेला. दुकानदार म्हणाला, माल खराब होता. दुसरा जोड दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही गेला. मग कुणीतरी सांगितलं, लेडचा जमाना संपला, लिथियम घ्या. काकू मला म्हणाल्या, "एवढे पैसे घालायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा."

मी गेलो. काकांना इंजिन सुरू करायला सांगितलं आणि मल्टिमीटर आधी अल्टरनेटरच्या टर्मिनलवर लावला. १४.२ व्होल्ट. उत्तम. मग मागे जाऊन बॅटरीच्या टर्मिनलवर लावला. १३.१. काका म्हणाले, "मीटर बिघडला असेल." दुसरा मीटर आणला. १३.१. बॅटरीत जात होते सुमारे वीस अँपिअर. आता हिशेब करा. पुढून मागे सहा मीटर, जाऊन-येऊन बारा मीटर तार, आणि बांधणाऱ्यानं घातली होती चार चौरस मिलिमीटरची. त्या तांब्याचा रोध मीटरमागे साधारण साडेचार मिलिओहम. बारा मीटरला चोपन्न. वीस अँपिअरला एक व्होल्टहून जास्त त्या तारेतच जिरतो. तार हाताला कोमट लागत होती. बॅटरीला हवे होते १४.४ आणि मिळत होते १३.१.

पहिल्या रांगेत मान हलते आहे. आपण इलेक्ट्रिकलचे दिसता. आपला आक्षेप मला कळला: बॅटरी भरत आली की करंट कमी होतो, करंट कमी झाला की तारेतली घट कमी होते, म्हणजे शेवटी व्होल्टेज मिळतंच. अगदी बरोबर. पण शेवटी म्हणजे केव्हा? लेड बॅटरीचे पहिले ऐंशी टक्के भराभर भरतात, शेवटच्या वीस टक्क्यांना तीन-चार तास लागतात, आणि तेही पूर्ण व्होल्टेज मिळालं तर. काका-काकू दिवसाला दोन-तीन तास गाडी चालवत, मुक्कामावर पोचत, इंजिन बंद करत. शेवटचे वीस टक्के त्यांच्या बॅटरीला कधी मिळालेच नाहीत. दोन्ही जोड याच कारणानं गेले, दोन्ही कंपन्यांचा माल चांगला होता.

पंचवीस चौरस मिलिमीटरची तार टाकली. घट वीस अँपिअरला दोन दशांश व्होल्टच्या आत आली. छपरावर सोलर पॅनल बसवलं, म्हणजे मुक्कामाच्या दिवशी दुपारभर बॅटरीला शेवटचं टोक गाठता येईल. तिसरा जोडही साधा ट्युब्युलरच घेतला. तो आजही चालतो आहे. काकूंनी वाचलेल्या पैशांत दक्षिणेकडचा प्रवास केला.

हे दुखणं केवळ आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मोटरहोम ही फार जुनी गोष्ट आहे, इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे गाव त्याच धंद्यावर उभं आहे. तिथल्या जुन्या गाड्यांतले चार्जर १३.६ व्होल्टच्या आसपास एकच व्होल्टेज देत राहायचे. घरच्या विजेवर आठवडाभर गाडी उभी असेल तर ठीक, एका रात्रीत मात्र बॅटरी भरायची नाही. तिथल्या अनुभवी मंडळींचा आवडता उपाय म्हणजे गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडणं. ट्रोजन टी-१०५ ही त्यातली प्रसिद्ध, २२५ अँपिअर-तासांची. जाड प्लेटा, दणकट. पण चार्जर तोच जुना असेल, तर गोल्फ कार्टचीही बॅटरी अर्धपोटीच राहते.

आता निवड. वेळ कमी आहे, झरझर सांगतो.

आधी रोजची गरज मोजा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना चारेक अँपिअर घेतो आणि आपल्या उन्हाळ्यात अर्धा दिवस चालतो, म्हणजे पन्नासेक अँपिअर-तास. दोन पंखे रात्रभर, आणखी तीस-चाळीस. दिवे, पंप, मोबाइल धरून शंभराच्या घरात जाल. लेडची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही, म्हणजे दोनशे अँपिअर-तास हवेत. बॅटरीवरचा आकडा सी-२० आहे की सी-१०, म्हणजे वीस तासांचा की दहा तासांचा, तेही बघा; वीस तासांत सावकाश काढली तर दीडशे देणारी बॅटरी घाईनं काढली तर तेवढं देत नाही. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे १८९७ मध्येच सूत्रात मांडलं.

(प्रश्न: "एसी चालेल का?")

हजार वॅटचा एसी इन्व्हर्टरवर चालवलात, तर बारा व्होल्टला नव्वदच्या वर अँपिअर जातात. शंभरच्या लेड बॅटरीवर तासभरही निघणार नाही. एसी हवा असेल तर मोठी लिथियम बँक घ्या, नाहीतर विजेची सोय असलेला मुक्काम शोधा.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर गाडीत टाकू नका, असं मी म्हणणार नाही. काकांच्या गाडीत आहे. पण ती पन्नास-साठ किलोची असते, घाटात हलता कामा नये, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पलंगाखाली ठेवायची तर पेटी बंदिस्त आणि तिची हवा नळीनं गाडीबाहेर गेलीच पाहिजे. हे जमणार नसेल तर एजीएम घ्या: पाणी टाकायला नको, ॲसिड सांडत नाही. मात्र तिला जास्त व्होल्टेज खपत नाही. आणि उष्णता! विदर्भात पंचेचाळीस अंशांना चार्जिंगचं व्होल्टेज १४.४ वरून १३.९ च्या आसपास उतरायला हवं. तेव्हा तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर घ्या, आणि सेन्सर बॅटरीलाच चिकटवा.

लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. पाढी आणि गुडइनफ या शास्त्रज्ञांनी १९९७ साली ते जगापुढे मांडलं. मी लिथियमच्या विरोधात आहे असं कुणी घरी जाऊन सांगू नका. उलट ज्यांना बॅटरी रोज पूर्ण भरणं शक्यच नाही, त्यांनी तेच घ्यावं, कारण अर्धपोटी राहण्यानं त्याचं काही बिघडत नाही. शंभरातले ऐंशी-नव्वद निर्धास्त वापरता येतात, आणि वजन लेडच्या निम्म्याहून कमी. पण तिथेही चार्जिंगच आधी बघा. लिथियम इतका करंट ओढतं, की मंद इंजिनवर अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. लेडच्या जुन्या चार्जरमधलं इक्वलायझिंग बंद करा, ते व्होल्टेज लिथियमला सोसत नाही. आणि लडाखला जाणाऱ्यांनी ऐका: शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायचं नाही. चांगला बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखणदार सर्किट, स्वतःच चार्जिंग तोडतो. तरी बॅटरी गाडीच्या आतल्या, उबदार भागात ठेवा.

(प्रश्न: "कंपनी कोणती घ्यावी?")

मी कुठल्याही कंपनीचा माणूस नाही, नाव सांगणार नाही. बिलावरची तारीख आणि बॅटरीवरची उत्पादनाची तारीख दोन्ही बघा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली लेड बॅटरी तुमच्या घरी यायच्या आधीच सल्फेट घेऊन येते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. दोन मिनिटं द्या. दोन बॅटऱ्या पॅरलल जोडता तेव्हा जुनी आणि नवी एकत्र करू नका. पॉझिटिव्ह तार एकीवरून घ्या, निगेटिव्ह दुसरीवरून, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो. आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. टर्मिनल आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कुणीच राखणदार नसतो, म्हणून ती तार जितकी आखूड तितकी बरी. लिथियमला क्लास-टीचा फ्यूज घ्या, कारण शॉर्ट झाल्यावर जो करंट येतो, तो साध्या फ्यूजला तोडता येत नाही. मल्टिमीटर मी आणला आहे. ज्यांनी गाडी खाली लावली आहे, त्यांनी बाहेर भेटा, आत्ताच बघून टाकू.