किराणा दुकान आणि त्याची वास्तू



अमरावतीचा परकोट १८०७ च्या सुमारास बांधावयास घेतला, तो पेंढाऱ्यांपासून पेठेचे रक्षण व्हावे म्हणून. पुढे १८६७ त भुसावळ-नागपूर लोहमार्ग झाला. अकोला-अमरावतीच्या पेठा कापसावर वाढल्या आणि किराणा दुकानेही त्यावरच जगली. पेरणीस उधार, कापूस विकल्यावर फेड. खाली दुकान, मागे कोठार, वर बिऱ्हाड, अशी घरे उभी राहिली. १९५८ पासून शेर जाऊन किलोग्रॅम येऊ लागला. उधारीची वही मात्र राहिली.

आज वारसांत वास्तूंच्या वाटण्या होत आहेत. त्या होवोत, परंतु जुन्या वह्या रद्दीत घालू नका. दुष्काळात कोणास धान्य दिले आणि कोणाचे शेत गहाण पडले, दोन्हींची साक्ष त्यांतच आहे. पूर्वजांचा गौरव करणाऱ्यांनी ती दोन्ही पाने वाचावीत, एवढीच विनंती.